वस्तू काय सांगतात? भारतातील आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासाची भौतिक साधने

भारतातील ख्रिस्तसभेची परंपरा प्रेषित संत थॉमस यांच्यापर्यंत जाते. आपल्या कोकण किनाऱ्याशी, विशेषतः कल्याणशी, प्रेषित संत बार्थोलोम्यू यांचेही नाव जोडले जाते. प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून हे आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. आता वर्गातील मुले त्यापुढचा प्रश्न विचारतात: याला पुरावा काय? हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. त्याला नीट उत्तर देणे हे पालकांचे आणि शिक्षकांचे कर्तव्य आहे.

इतिहासाची साधने दोन प्रकारची असतात. एक लिखित ग्रंथ आणि दुसरी भौतिक वस्तू, म्हणजे नाणी, शिलालेख, ताम्रपट, क्रूस, घंटा, खापरे, थडगी आणि इमारतींचे अवशेष. ग्रंथ पुन्हा पुन्हा नकलून घेतले जातात आणि नकलताना त्यांत भर पडू शकते. जमिनीत गाडली गेलेली वस्तू मात्र बहुधा आपल्या काळातच थांबलेली असते. म्हणून तिच्या साक्षीला मोठे मोल आहे. परंतु कोणतीही वस्तू सर्वच प्रश्नांची उत्तरे देत नाही. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे वेगळे करता येणे म्हणजेच तिचा अभ्यास होय. या लेखात आम्ही महाराष्ट्र, गोवा आणि दक्षिण भारतातील काही वस्तू याच दृष्टीने पाहणार आहोत.

जवळचे उदाहरण : मेणवलीची घंटा

आरंभीच्या काळाकडे वळण्यापूर्वी अभ्यासाची रीत समजावी म्हणून एक अलीकडच्या काळातील वस्तू घेऊ. धायरीजवळून जाणाऱ्या मुंबई–बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की सुरूरच्या फाट्यावरून वाईला जाता येते. वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तेथील देवालयाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूसह मरियामातेची उठावातील प्रतिमा असून १७०७ हे साल आहे.

ही घंटा स्वतः काय सांगते? ती कधी ओतली गेली आणि ती ख्रिस्ती उपासनेसाठी घडवलेली होती, एवढे ती निःसंशय सांगते. ती मेणवलीत कशी आली हे मात्र ती सांगू शकत नाही, कारण ती ओतली तेव्हा ती घटना घडलेलीच नव्हती. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवालयांत आल्या, ही माहिती मराठी इतिहासातून आणि स्थानिक परंपरेतून मिळते. भीमाशंकर येथे आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशा घंटा आहेत. एकट्या मेणवलीच्या घंटेवरून कोणी असा निष्कर्ष काढला, की १७०७ साली मेणवलीत चर्च होते, तर तो पूर्णपणे चुकीचा ठरेल.

यातून तीन नियम हाती येतात. वस्तू आज जिथे आहे तिथलीच ती असते असे नाही. वस्तूवरील मजकूर ती घडवण्याच्या काळाबद्दल बोलतो, पुढील प्रवासाबद्दल नाही. आणि वस्तू व लेख एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच खात्रीचे विधान करता येते. हेच नियम घेऊन आता आपण सतरा-अठरा शतके मागे जाऊ.

राजा गोंडोफेरसची नाणी

‘थॉमसची कृत्ये’ हा ग्रंथ साधारण तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिला गेला. तो पवित्र शास्त्राचा भाग नाही. त्यात प्रेषित थॉमस भारतात येतात आणि गुदनाफर नावाच्या राजाच्या दरबारी वास्तुकार म्हणून काम स्वीकारतात, अशी कथा आहे. या नावाचा राजा इतर कोणत्याही ज्ञात इतिहासग्रंथात नव्हता. त्यामुळे राजाच काल्पनिक असावा असे समजले जाई.

१८३०च्या दशकात चार्ल्स मॅसन आणि इतर संग्राहकांना अफगाणिस्तान व पंजाबच्या परिसरात जुनी नाणी मोठ्या संख्येने मिळाली. त्यांतील काही नाण्यांवर ग्रीक आणि खरोष्ठी लिपीत या राजाचे नाव होते. गोंडोफेरस हे त्याचेच रूप. पुढे पेशावरजवळील तख्त-इ-बाही येथील एक शिलालेखही अभ्यासकांच्या हाती आला, जो आज लाहोरच्या संग्रहालयात आहे. त्यात या राजाचे २६ वे राज्यवर्ष आणि एका चालू कालगणनेचे १०३ वे वर्ष दिले आहे. ही कालगणना इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या मध्यात सुरू झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या हिशेबाने राजाचा काळ इ.स.च्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्याच्या सुमारास, म्हणजे प्रेषितांच्या काळातच येतो.

येथे थांबून नेमके काय सिद्ध झाले ते पाहिले पाहिजे. राजा खरा होता आणि त्याचा काळ जुळतो, हे सिद्ध झाले. दोन शतकांनंतर सिरियाक भाषेत लिहिणाऱ्या लेखकाकडे भारताविषयी खरी माहिती पोहोचलेली होती, हेही दिसले. प्रेषित थॉमस त्या राजाला प्रत्यक्ष भेटले, हे मात्र नाणे सांगत नाही. नाण्याने परंपरा शक्यतेच्या कक्षेत आणली आणि ‘सर्वच बनावट’ हा आक्षेप दूर केला. तरीही त्यापलीकडचे विधान त्याच्या तोंडी घालणे योग्य नव्हे.

कल्याण : मार्ग सिद्ध, साक्ष अपुरी

आता आपल्या भूमीकडे वळू. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितो, की अलेक्झांड्रियाचे गुरू पँटेनस ‘भारतात’ गेले तेव्हा प्रेषित बार्थोलोम्यूंनी तेथे ठेवलेले संत मत्तयचे शुभवर्तमान त्यांना आढळले. काही अभ्यासक हा ‘भारत’ म्हणजे कल्याणचा परिसर मानतात. परंतु त्या काळी ‘भारत’ हे नाव दक्षिण अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजूलाही सैलपणे वापरले जाई, असा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप आहे. हा वाद केवळ ग्रंथांवरून सुटणारा नाही. मग वस्तू काय सांगतात?

प्रवासाचा मार्ग होता, याविषयी शंका उरत नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेत, जिला ‘पेरिप्लस’ म्हणतात, कल्याण, पैठण आणि तेर या ठिकाणांची नावे आहेत. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट हा याच व्यापाराचा मार्ग होता. लोणावळ्याजवळील कार्ले लेण्यातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू मिळाल्या. त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्तीही आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी ब्रह्मपुरीत आणि पुढे १९५४ ते १९५६ या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे उत्खनन केले. तेथील व्यापारी कुंभांच्या खापरांमुळे भूमध्य समुद्राशी असलेल्या संबंधांची चर्चा अधिक पक्की झाली.

खापरांच्या बाबतीत पुढे एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी २००७ साली दाखवून दिले, की भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेल्या कुंभांपैकी बरेच कुंभ प्रत्यक्षात मेसोपोटेमिया व पर्शियन आखाताकडील आहेत. त्यांच्या आतून डांबरासारखा लेप असतो आणि आकार निमुळता असतो. संग्रहालयातील तीच खापरे, पण पुन्हा बारकाईने पाहिल्यावर त्यांचे उत्तर बदलले.

आपल्या विषयाशी या दुरुस्तीचा जवळचा संबंध आहे. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी-प्रवासी कॉस्मास याने लिहून ठेवले आहे, की ‘कल्लियाना’ येथे पर्शियात अभिषिक्त झालेला बिशप असतो. बहुतेक अभ्यासक हे ठिकाण आपले कल्याणच मानतात. म्हणजे कॉस्मास ज्या पर्शियन धार्मिक संबंधाविषयी सांगतो, त्याच दिशेने व्यापाराचे कुंभही येत होते. तरीही कुंभ हा कुंभच असतो. त्यातून आलेले पेय कोणी विकत घेतले आणि तो घेणारा कोणत्या धर्माचा होता, हे त्याच्यावर लिहिलेले नाही.

कॉस्मासच्या विश्वासार्हतेसाठी एक दुसरी वस्तू उपयोगी पडते. त्याच ग्रंथात त्याने श्रीलंकेतही पर्शियन ख्रिस्ती लोकांचे चर्च असल्याचे नोंदवले आहे. १९१२ साली श्रीलंकेतील प्राचीन राजधानी अनुराधपूर येथे दगडात कोरलेला एक क्रूस सापडला. आरंभी तो पोर्तुगीज काळातील असावा असे मत व्यक्त झाले. पुढे त्याची घडण आणि सापडल्याचे ठिकाण लक्षात घेऊन तो पोर्तुगीजांच्या कित्येक शतके आधीचा मानला जाऊ लागला. श्रीलंकेविषयी कॉस्मासने दिलेल्या माहितीला अशा रीतीने दगडाचा आधार मिळाला. कल्याणविषयीच्या त्याच्या विधानाला तसा निर्विवाद क्रूस किंवा शिलालेख अद्याप मिळालेला नाही. जो लेखक एका ठिकाणी विश्वसनीय ठरला, त्याचे दुसरे विधान अधिक गांभीर्याने घ्यावे, एवढे आपण नक्कीच म्हणू शकतो.

पुरावा नाही म्हणजे घटना नाही का?

कल्याणमध्ये पहिल्या दोन शतकांतील ख्रिस्ती वस्तू मिळत नाही, म्हणून परंपरा खोटी असे काही जण म्हणतात. हे अनुमानही घाईचे आहे. खुद्द रोममध्येदेखील स्पष्टपणे ख्रिस्ती म्हणून ओळखता येतील अशा वस्तू इ.स. २०० च्या आधीच्या जवळजवळ आढळत नाहीत. आरंभीचे भाविक घराघरांत जमत. त्यांची भांडी, दिवे, वस्त्रे शेजाऱ्यांसारखीच होती.

सीरियातील युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या नगरात १९३०च्या दशकारंभी उत्खननात एक घर सापडले. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे प्रार्थनागृह केलेले होते. बाहेरून ते इतर घरांसारखेच होते. आत बाप्तिस्म्याचे कुंड आणि भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे चित्र होते, म्हणून ते ओळखता आले. वेढ्याच्या वेळी तटबंदी मजबूत करण्यासाठी त्या घरावर मातीचा भराव घातला गेला, म्हणून ते टिकले. कल्याणसारख्या, शतकानुशतके सलग वसलेल्या आणि आज दाट वस्ती असलेल्या नगरात अशा साध्या घराचा माग लागणे किती कठीण आहे, याची कल्पना यावरून यावी. मातीचे मौन हा पुरावा नव्हे. ते परंपरेच्या बाजूनेही वापरता येत नाही आणि तिच्या विरोधातही नाही.

पहलवी लिपीतील क्रूस आणि कोल्लमचे ताम्रपट

दक्षिण भारतात मात्र वस्तू अधिक बोलक्या आहेत. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ साली पोर्तुगीजांना खोदकामात एक दगडी क्रूस मिळाला. त्याच्या भोवती पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन लिपीत लेख आहे. कोट्टायम, कडमट्टम, मुट्टुचिरा इत्यादी ठिकाणीही असे क्रूस आहेत. हे क्रूस संत थॉमस यांनी स्वहस्ते कोरले अशी लोकश्रद्धा होती. लिपीच्या अभ्यासावरून मात्र ते प्रेषितांच्या काळानंतर काही शतकांनी घडवले गेले असे ठरते. लेखाच्या वाचनाविषयी विद्वानांत अजूनही एकमत नाही. लोकश्रद्धेतील एक तपशील यामुळे बाजूला पडला. त्याच वेळी एक मोठी गोष्ट हाती आली: पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधी भारतात संघटित, उपासना करणारा आणि पर्शियाशी संबंध राखणारा ख्रिस्ती समाज होता. ‘ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला’ या नेहमी ऐकू येणाऱ्या विधानाला हे दगडच उत्तर देतात.

गोव्यात झुआरी नदीकाठच्या आगशी येथे २००१ साली पिलार संस्थेचे धर्मगुरू फादर कॉस्मे जुझे कोस्टा यांच्या पाहण्यात पहलवी अक्षरे असलेला क्रूस आला. कोकण किनाऱ्यावरील प्राचीन ख्रिस्ती वस्तीच्या चर्चेला त्यामुळे नवे बळ मिळाले.

येथेही एक सावधगिरी हवी. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतही पहलवी लिपीतील लेख आहेत. ते इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांतील असून लेणी पाहायला आलेल्या झरथुष्ट्री पाहुण्यांनी ते कोरलेले आहेत. म्हणजे पहलवी लिपी दिसली की वस्तू ख्रिस्ती, असे होत नाही. लिपी, चिन्ह आणि मजकूर या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

सर्वांत भक्कम साधन म्हणजे कोल्लमचे ताम्रपट. चेर राजा स्थाणु रवी याच्या पाचव्या राज्यवर्षात, म्हणजे इ.स. ८४९ च्या सुमारास, स्थानिक अधिपतीने मार सापीर ईशो यांनी स्थापिलेल्या तरिसापल्ली या चर्चला जमीन, सेवक आणि व्यापारी हक्क दिले. शेवटी साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा तीन लिपींत आहेत. एका हिंदू राजवटीत ख्रिस्ती देवालयाला दिलेल्या दानपत्रावर मुस्लिम, झरथुष्ट्री आणि यहुदी व्यापारी साक्ष देतात, हे दृश्य अभ्यासकांनी या पत्र्यांतूनच उभे केले आहे. येथे काळ, ठिकाण, देणारा, घेणारा आणि साक्षीदार हे सर्व वस्तूवरच आहे. म्हणून तिचे मोल असाधारण आहे. हे पत्रे आज कोट्टायम आणि तिरुवल्ला येथील ख्रिस्ती संस्थांकडे जतन केलेले आहेत.

स्थानाची नोंद नसलेली वस्तू

ठिकाणाची खात्री नसेल तर काय होते, याचे उदाहरण जगाने २००२ साली पाहिले. ‘याकोब, योसेफचा मुलगा, येशूचा भाऊ’ असा अरामी लेख असलेली अस्थी ठेवण्याची दगडी पेटी तेव्हा जाहीर झाली. ती उत्खननातून नव्हे, खासगी संग्रहातून पुढे आली होती. २००३ साली इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याने नेमलेल्या समितीने लेख बनावट ठरवला. २०१२ साली जेरुसलेमच्या न्यायालयाने बनावटीचा आरोप सिद्ध न झाल्याने आरोपीस मुक्त केले, परंतु त्यामुळे लेख अस्सल ठरत नाही असेही स्पष्ट केले. ती पेटी कोठे, कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंसोबत होती याची नोंद असती, तर हा वाद बऱ्याच अंशी टळला असता. जागेवरून उचललेली वस्तू आपली अर्धी साक्ष तिथेच सोडून येते.

कधी कधी वस्तू मुळीच राहत नाही. ठाणे येथे १३२१ साली थॉमस, जेम्स, पीटर आणि डिमेट्रियस या चार फ्रान्सिस्कन बंधूंनी रक्तसाक्ष दिली. त्यांच्या अस्थी फ्रायर जोर्डानस यांनी सोपाऱ्याला नेल्या आणि पुढे फ्रायर ओडोरिक त्या घेऊन चीनला गेले. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडील परंपरेतील ख्रिस्ती कुटुंबांची १५ घरे होती, असे ओडोरिकच्या वृत्तांतात आहे. त्या घरांची आठवण आज केवळ कागदावर उरली आहे.

आपल्या हाती असलेल्या वस्तू

हा अभ्यास केवळ विद्वानांचा नाही. धायरी हे गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. अशा नव्या उपनगरांत स्थायिक झालेली कुटुंबे आपल्या मूळ गावाहून आजोबांचा क्रूस, आजीची रोझरी, जुने प्रार्थनेचे पुस्तक, लग्नाचे छायाचित्र घेऊन येतात. पुणे शहरात नाना पेठेतील चर्चसाठी सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली, जागा मिळाली. त्या काळापासूनच्या आपल्या समाजाचा इतिहास अशाच वस्तूंत विखुरलेला आहे. घर बदलताना, रंगरंगोटी करताना किंवा वडीलधारी माणसे गेल्यावर त्या नाहीशा होतात. मेणवलीच्या घंटेवर निदान साल आहे. घरातल्या क्रूसावर तेही नसते. त्याची हकीकत सांगणारे माणूस गेले, की तो मुका होतो.

म्हणून आमची वाचकांना पुढील विनंती आहे.

१. घरातील जुन्या धार्मिक वस्तूचे छायाचित्र घ्यावे. ती कोणाची, कोणत्या गावची, कोणाकडून आली हे घरातील ज्येष्ठांना विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद वस्तूसोबत ठेवावा. ऐकीव माहिती असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.

२. जुन्या क्रूसावरील, थडग्यावरील किंवा घंटेवरील अक्षरांवर रंग देऊ नये. आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने ती घासू नयेत.

३. धर्मग्रामातील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या दमट जागी ठेवू नयेत. त्यांच्या प्रती धर्मगुरूंच्या परवानगीनेच कराव्यात.

४. जमीन खणताना जुनी वस्तू मिळाल्यास ती हलवण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे आणि प्रशासनास कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा गुप्तनिधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात आणि त्या परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत.

ख्रिस्तसभेचीही हीच शिकवण आहे. परमगुरू अकरावे पायस यांनी १९२५ साली रोममध्ये ख्रिस्ती पुरातत्त्वाची स्वतंत्र संस्था स्थापन केली. ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक ठेव्यासाठी असलेल्या व्हॅटिकनच्या आयोगाने ८ डिसेंबर १९९९ रोजी पत्र काढून अशा वस्तूंची सूची करणे आवश्यक आणि तातडीचे असल्याचे सांगितले. गोव्यात १९९४ साली राशोल येथे सुरू झालेले आणि २००२ पासून जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात असलेले ख्रिस्ती कला संग्रहालय हे या कामाचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. कुटुंबांनी आणि धर्मग्रामातील मुलांनी ते अवश्य पाहावे.

आपली श्रद्धा एखाद्या नाण्यावर वा दगडावर उभी नाही. म्हणूनच त्या नाण्याची आणि दगडाची साक्ष आहे तशी ऐकण्यास आपल्याला भीती वाटण्याचे कारण नाही. मुलांनी पुरावा विचारला तर गोंडोफेरसचे नाणे, अनुराधपूरचा क्रूस आणि कोल्लमचे ताम्रपट यांविषयी त्यांना सांगावे. प्रत्येक वस्तू कोठवर साक्ष देते आणि कोठे थांबते, हेही त्याच वेळी सांगावे. आणि मग कपाटातील आजीची रोझरी त्यांच्या हाती देऊन तिची नोंद त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.